नोरीन पॅस्कोचा मेलेला घोडा

बुधवारी सकाळी सव्वानऊ वाजता नोरीन पॅस्कोने कौन्सिलच्या ऑफिसात फोन लावला आणि सांगितलं, "मैदानावर कँटीनच्या मागे मेलेला घोडा पडलाय. उन्हानं पार फुगलाय, वास मारतोय. शनिवारच्या आत उचला."

ऑस्ट्रेलियातल्या कुराबिन गावात जन्मलेल्या कोणालाही या वाक्यात वावगं वाटलं नसतं. टोमॅटो सॉसला तिथे पिढ्यान् पिढ्या ‘डेड हॉर्स’ म्हणजे मेलेला घोडा म्हणतात. कारण एवढंच, की हॉर्स आणि सॉस यांचं यमक जुळतं. त्याच न्यायाने खिमा भरलेला ‘मीट पाय’ हा ‘डॉग्ज आय’, म्हणजे कुत्र्याचा डोळा. मागच्या मोसमात उरलेला वीस लिटर सॉसचा ड्रम कोणीतरी शेडमागे ठेवून विसरलं होतं. उन्हाळाभर तो आतल्या आत आंबला आणि आता ढोलासारखा फुगला होता. हात लावला तर फुटेल, या भीतीने नोरीनने कौन्सिलला सांगितलं होतं.

फोन उचलला तो योरिस व्हॅन डामने. हॉलंडहून येऊन त्याला तीन आठवडे झाले होते. माणूस कष्टाळू. कानावर पडलेला प्रत्येक स्थानिक शब्द तो एका वहीत अर्थासह लिहून ठेवी. ‘आर्व्हो’ म्हणजे दुपार, ‘सर्व्हो’ म्हणजे पेट्रोल पंप, ‘डनी’ म्हणजे संडास, असे त्रेचाळीस शब्द झाले होते. त्यात घोडा नव्हता.

"मॅडम, तो तिथे कधीपासून आहे?" योरिसने विचारलं.

"मॅडम कोणाला म्हणतोस रे? नोरीन म्हण. गेल्या मोसमात आणलेला."

"मालक कोण?"

"मालक कसला? क्लबचा. सगळ्यांचाच म्हण ना."

"आपण त्याचा उपयोग कशासाठी करत होता?"

"ऐका आता! कुत्र्याच्या डोळ्यावर घालायला, दुसरं काय?"

योरिसचं पेन थांबलं. "कुत्र्याच्या डोळ्यावर?"

"मग? कोरडा कोण खाईल?"

"म्हणजे... लोकांनी खाल्ला?"

"अख्ख्या गावानं खाल्ला. पोरं तर बोटं चाटत होती."

"कोणी आजारी पडलं का?"

"डेस पडला होता. पण त्यानं एका बैठकीत सहा खाल्ले."

"सहा घोडे?"

"सहा डोळे रे! बरं, मला कामं आहेत. शनिवारी फायनल आहे." नोरीनने फोन ठेवला.

योरिसने वही दोनदा चाळली. मग संगणकावर योग्य तो फॉर्म उघडून सगळं प्रामाणिकपणे भरलं. मोठं जनावर, मृत. मालकी सामुदायिक. मांस मानवी आहारात गेल्याची तोंडी कबुली. बटण दाबताच पुढची चक्रं आपोआप फिरली. साडेअकराला मैदान बंद झालं आणि बाराला फाटकावर लाल नोटीस लागली. पावणेएकला फुटबॉल लीगकडून (ऑस्ट्रेलियन फुटबॉल, एका संघात अठरा जण) निरोप आला, की शुक्रवारी पाचपर्यंत मैदान खुलं झालं नाही तर फायनल वाराडीनला, म्हणजे समोरच्याच संघाच्या मैदानावर होईल.

ही गोष्ट साधी नव्हती. कुराबिनच्या मैदानावर चौतीस वर्षांनी फायनल येत होती. नोरीन एकतीस वर्षं कँटीन चालवत होती, आणि गुडघ्यांनी हात टेकल्यामुळे शनिवार हा तिचा शेवटचा दिवस होता. घरच्या मैदानावर एकदा तरी फायनलच्या गर्दीला खाऊ घालायचं, यापलीकडे तिने त्या कँटीनकडे कधी काही मागितलं नव्हतं.

क्लबचा अध्यक्ष डेस नोटिशीचा फोटो घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला.

"नोरीन, मैदानावर घोडा मेलाय म्हणे."

"कोणाचा?"

"आपल्या क्लबचा."

"आपल्या क्लबकडे घोडा कधी होता?"

"तेच विचारायला आलोय. लोकांनी खाल्ला म्हणे तो."

"शी! कोणी रे?"

"अख्ख्या गावानं, असं लिहिलंय. कोणीतरी फोन करून सांगितलं."

"कोण असेल तो गाढव? समोर येऊ दे, लाटण्यानं..." नोरीनचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. हातातलं लाटणं तिने हळूच ओट्यावर ठेवलं. "डेस, त्या कौन्सिलमधे कोणी नवा पोरगा आलाय का?"

दहा मिनिटांत दोघं योरिससमोर उभे होते. सगळा उलगडा झाल्यावर योरिसचे कान लाल झाले. त्याने आधी वही काढून चव्वेचाळिसावा शब्द लिहून घेतला आणि मग तीन वेळा माफी मागितली.

"माफी राहू दे," नोरीन म्हणाली. "ते रद्द कर आधी."

"रद्द करता येत नाही. मेलेलं जनावर एकदा नोंदवलं की संगणकात पुढे दोनच पर्याय आहेत. ‘जनावर बरं झालं’ आणि ‘जनावर पुरलं’."

"मग बरं झालं लिही ना बाबा!"

"बरं झालं, तर ते अधिकाऱ्याला चालवून दाखवावं लागतं."

डेसने डोकं धरलं. "आणि पुरलं तर?"

"पशुवैद्याचा दाखला, सहा फूट खड्डा आणि मालकाची सही. त्यात मालक म्हणून एकच नाव लागतं. सामुदायिक चालत नाही."

दोघांनीही नोरीनकडे पाहिलं.

"मी जन्मात घोड्याला हात लावला नाहीये," नोरीन म्हणाली. पण तोवर तिने टेबलावरचं पेन उचललं होतं.

पशुवैद्य हॅमिश टुलीला गुरुवारी दिवसभर गायींनी सोडलं नाही. तो उगवला शुक्रवारी दुपारी दोनला, नियमाप्रमाणे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या संरक्षक पोशाखात. ड्रमभोवती त्याने एक चक्कर मारली.

"हा तो?" त्याने विचारलं.

"हाच," डेस म्हणाला. "तीन तास उरलेत, हॅमिश. हसायचं ते नंतर हस."

हॅमिशने फॉर्म काढला. "रंग?"

"लाल," नोरीन म्हणाली.

"वय?"

"वर्षाचा असेल."

"मृत्यूचं कारण?"

"ऊन."

"ह्यातलं एकही खोटं नाही," असं म्हणून हॅमिशने सही ठोकली. मैदानाच्या कडेला खड्डा तयार होता. जेसीबीने ड्रम अलगद उचलला, पण खाली ठेवताना त्याची कड दगडावर टेकली. धडाम असा आवाज झाला आणि क्षणभर आकाशाचा रंग बदलला. हॅमिश पांढऱ्याचा लाल झाला. आंबलेल्या सॉसच्या वाफेने नोरीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. डेस टोपीने तिला वारा घालत होता.

नेमका त्याच वेळी रस्त्यावरून वाराडीनचा एक ट्रकवाला चालला होता. त्याने फाटकावर लागलेली दफनाची नवी नोटीस वाचली. मृत जनावर, घोडा. मालक, नोरीन पॅस्को. मग त्याने कुंपणापलीकडे पाहिलं. खड्ड्याच्या काठावर डोक्यापासून पायापर्यंत माखलेला डॉक्टर उभा होता आणि शेजारी ढसाढसा रडणारी म्हातारी. त्याने टोपी काढली आणि गाडी हळू चालवत नेली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी योरिसने ‘जनावर पुरलं’वर बोट दाबलं. मैदान खुलं झालं.

शनिवारी अडीच हजार माणूस लोटलं. नोरीनने पहाटेपासून सहाशे मीट पाय भट्टीत घातले होते, सॉसचे दोन ताजे ड्रम उघडले होते, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच लिपस्टिक लावली होती. वाराडीनचा संघ मैदानात उतरला तेव्हा मात्र ती चक्रावली. अठराच्या अठरा खेळाडूंच्या दंडाला काळ्या फिती होत्या.

वाराडीन हे घोडे पाळणाऱ्यांचं गाव. तिथे पोरं चालायच्या आधी खोगिरावर बसतात. त्यांच्या कप्तानाने माईक हातात घेतला. "सामना सुरू करण्याआधी," तो म्हणाला, "नोरीनबाईंच्या घोड्यासाठी एक मिनिट शांत उभे राहू या."

वाराडीनकर माना खाली घालून उभे राहिले. कुराबिनकरही उभे राहिले, पण त्यांचे खांदे हलत होते. नोरीनने तोंडावर पदर धरावा तसा ॲप्रन धरला. तिला काही बोलायचं होतं, पण डेसने तिचा दंड दाबला. "गप बैस," तो कुजबुजला. "खोटं पुरलं असं कळलं, तर सामनाच बाद होईल."

वाराडीनचं कँटीन सांभाळणारी मर्ल डोळे पुसत खिडकीपाशी आली. नोरीनचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "फार सोसलं का गं त्यानं?"

"शेवटी शेवटी फुगला होता," नोरीन म्हणाली.

"वय किती होतं?"

"वर्षाचा."

"अगं बाई! शिंगरूच की!" मर्ल काउंटरवर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. नोरीनला राहवलं नाही. तिने तिला दोन मीट पाय फुकट दिले.

कुराबिनने सामना एका गुणाने जिंकला. वाराडीनच्या कप्तानाने समोरच्या समोर तीन गोल चुकवले. मन लागत नव्हतं, असं त्याने नंतर सांगितलं. गावाने नोरीनला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली.

मंगळवारी सकाळी तिच्या दारात एक ट्रेलर येऊन थांबला. पुढे मर्ल, मागे वाराडीनची निम्मी पंचायत. फळी खाली पडली आणि लांब पायांचं एक लालसर शिंगरू लटपटत उतरलं. आल्या आल्या त्याने नोरीनच्या गाऊनची बाही चघळायला घेतली.

"गेलेलं परत येत नाही," मर्ल म्हणाली, "पण घर रिकामं राहू नये."

नोरीनने तोंड उघडलं, मर्लचे रडून सुजलेले डोळे पाहिले आणि तोंड मिटलं. दुपारपर्यंत शिंगराने तिच्या परसातला भाजीचा वाफा खाल्ला होता, शेजाऱ्याची चड्डी खाल्ली होती, आणि ती त्याला गाजर भरवत होती.

गावात घोडा ठेवायला कौन्सिलची नोंदणी लागते. तीन वाजता ती योरिससमोर जाऊन बसली. त्याने फॉर्म काढला.

"जनावराचं नाव?"

"सॉस."

योरिसने पेन खाली ठेवलं. "नोरीन," तो अगदी हळू म्हणाला, "या वेळी मला एकदा नीट सांग. हा घोडा, म्हणजे खरोखरचा घोडा ना?"

"बाहेर बांधलाय. बघ जा."

योरिस उठून खिडकीपाशी गेला. घोडा कौन्सिलच्या दारातले गुलाब शांतपणे खात होता. योरिस परत येऊन बसला आणि त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘घोडा. जिवंत.’ मग थोडा विचार करून, खबरदारी म्हणून पुढे जोडलं, ‘खाण्यासाठी नाही.’