माशांच्या दातांविषयीचा ठराव

या मंडळी, पुढं सरका, खांबाला टेकून बसू नका, झोप लागते (माझ्या अनुभवाचे बोल). वळसंगच्या आमच्या तळ्यातल्या माशांचे दात आम्ही कसे वाचवले, ती हकीकत सांगतो.

दात ही देवानं प्राणिमात्राला दिलेली अशी देणगी आहे, की ती वापरल्याशिवाय भागत नाही आणि वापरली की झिजते. हे तत्त्व मला कीर्तन ऐकूनच उमगलं. मी आमच्या कीर्तन श्रवण मंडळाचा अध्यक्ष. मंडळाचं काम ऐकणं. ते आम्ही चोख करतो. भूतदयेचं निरूपण सुरू झालं की माझ्या डोळ्यांना धार लागते. बुवा त्या ठिकाणी मुद्दाम थोडे थांबतात.

कीर्तनानंतर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा प्रसाद, ही आमची परंपरा. भाकरी अशी की मोडली तर मागच्या रांगेला ऐकू जावी. (भाकरी नीलम्मा करते. एकटी बाई, दोन्ही वेळचं जेवण म्हणजे हा प्रसादच. दात सगळे गेलेत. एकच तुकडा ती तासभर तोंडात घोळवत बसते. नामस्मरण चालत असावं.) उरलेल्या भाकरीचा चुरा तळ्यातल्या माशांना घालायचा, की पुण्य जमा.

अशात सोलापूरच्या कॉलेजातून ऋतुजा नावाची मुलगी माशांच्या दातांचा अभ्यास करायला आली. तळ्यात मेलेला एक रोहू मासा तिनं तपासला आणि आम्हांला समोर बसवून सांगितलं, की या माशांचे दात जबड्यात नसतात, घशात असतात. जसं खाणं तशी झीज. मऊ शेवाळ खाणाऱ्याचे कमी झिजतात. कडक भाकरी आणि तिच्याबरोबर तळाची वाळू गिळणाऱ्याचे घासून सपाट होतात. (ती पुढंही काही सांगत होती, पण ठराव मांडायची वेळ झाली होती.)

मला रात्रभर चैन पडली नाही. माझी कवळी सोलापूरच्या नवी पेठेतून करून आणलेली. दातांचं दुःख मी जाणतो. इतकी वर्षं मी पुण्य समजून मुक्या जिवांचे दात घासत होतो. मंडळानं तातडीनं पाहणी केली. तीत शंभरातले नव्वद मासे दुःखी आढळले. उरलेले दहा तळाशी होते, त्यांचं मत घेता आलं नाही.

ठराव एकमतानं झाला: माशांना यापुढे भाकरी दुधात भिजवून, गूळ घालून, कुस्करून द्यावी. माणसांसाठी कडक भाकरीच राहील, कारण परंपरा. (भिजवण्याचं काम नीलम्माकडे. तिची चोळी अलीकडे ढिली झाली होती. एकादश्या मानवल्या असतील.)

पंधरवड्यात नवीच आपत्ती आली. तळ्याच्या पायरीवर झाकून ठेवलेलं माशांचं पातेलं संध्याकाळपर्यंत अर्धं होऊ लागलं. मंडळाचे चिटणीस धोंडीराम यांनी मांजरावर संशय घेतला, सभासदांनी धोंडीरामांवर. शेवटी पाळत ठेवायला मी स्वतः दुपारी देवळाच्या दीपमाळेमागं बसलो.

नीलम्मा आली. झाकण काढलं. पायरीवर ऐसपैस बसून खाऊ लागली.

"नीलम्मा, हे काय चाललंय?"

"जेवतीया की, आण्णा."

"अगं, हे माशांचं आहे."

"ठावं हाय की. मीच भिजीवलंय न्हवं." तिनं आणखी एक घास घेतला. "लई दिसांनी पोट भरतंय बगा."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"कवा सांगू? तुमी कीर्तन ऐकत हुतासा."

मंडळाची बैठक बसली. धोंडीराम म्हणाले, "आण्णा, माशाच्या तोंडचा घास हाय, पाप लागंल." म्हणून मी ऋतुजाला फोन लावला. रोज अर्ध्या पातेल्यानं माशांच्या दातांचं किती नुकसान, ते विचारलं.

"आजोबा, त्यांचे झिजलेले दात पडतात आणि नवे येतात. जन्मभर," ती म्हणाली. "त्या दिवशी तेच सांगत होते मी. तुम्ही सगळे उठून गेलात."

ते मी बैठकीला सांगितलं. सगळे नीलम्माच्या तोंडाकडे बघत होते आणि ती पदर लावून हसत होती.

तरीही नियम तो नियम. माणसाला मऊ भाकरी देण्याची तरतूद आमच्या ठरावात नाही, आणि परंपरा मोडायला मंडळ तयार नाही. तेव्हा मीच तोड काढली: नीलम्माची गणना यापुढे माशांत करावी. एकमतानं मंजूर. ती आता रोज पोटभर जेवते, आणि तिच्या चोळीला पुन्हा अंग आलंय. बुवांनी परवा या दयाबुद्धीचा कीर्तनात उल्लेख केला. मी रडलो.

हसलात ना? हसा. अध्यक्ष हसण्याजोगाच आहे. पण मघापासून बाई उपाशी होती आणि मी तुम्हांला माशांचं सांगत होतो. तुम्हीही माशांचंच ऐकत होतात. मी तिला कंसात ठेवलं, तुम्ही कंस ओलांडून पुढं आलात. आता प्रसाद वाटतील. भाकरी कट्टकन मोडली, की तुमच्या रांगेत शेवटी कोण बसलंय ते बघा, आणि आमच्या नीलम्माची आठवण ठेवा. कंसाबाहेर.