यात तुझं काय?

आमच्या बिल्डिंगमधल्या सचिन भोईरच्या मुलाचं बारसं होतं. पाळण्याला फुगे लागले होते, बायका बाळाच्या कानात कुर्र करून मोकळ्या झाल्या होत्या आणि सचिन नवाकोरा कुर्ता घालून पेढे वाटत हिंडत होता. गायकवाड काकांनी पेढा घेतला, पाळण्याकडे पाहिलं, सचिनकडे पाहिलं आणि भर कार्यक्रमात विचारलं, "सगळं झ्याक हाय. पन यात तुझं काय?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. सचिनचे कान लाल झाले, आणि त्याच्या सासूबाई काहीतरी आठवल्यासारखं करून थेट स्वयंपाकघरात निघून गेल्या. काकांच्या चेहऱ्यावर मात्र चेष्टेचा मागमूस नव्हता. कार्यक्रमाच्या तयारीत सचिनने स्वतः काय केलं एवढंच त्यांना हवं होतं. पाळणा कुणी बांधला, आचाऱ्याशी कोण बोललं, ऐन वेळी गॅस संपला तेव्हा कोण धावलं. "सगळ्यांनी मिळून केलं काका" हे उत्तर त्यांना चालत नाही. ते ऐकलं की आमटीत खडा लागल्यासारखं तोंड करतात.

काकांचं मूळ गाव दिघाशी. भिवंडीच्या एका डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, त्यांनी टाइमकीपर म्हणून जन्म काढला. गेटवर हजेरी घ्यायची, आणि भरती असली की साहेबाच्या बाजूला स्टूल टाकून बसायचं. "साहेब शिकलेला व्हता, पन मानूस मीच वळखायचो," असं ते सांगतात. खरं-खोटं तो साहेब जाणे. आता रिटायर झाल्यावर ते आमच्या बिल्डिंगच्या दारात, मीटरच्या पेटीखाली तेच स्टूल टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची उदाहरणं गोळा करतात.

उदाहरणं कशाची, तर टीमवर्कची. गावाबाहेर हायवेला जी मोठमोठी गोदामं उभी राहिलीत, तिथे नोकरीचा अर्ज हल्ली मोबाइलवर भरावा लागतो. नाव, पत्ता, शिक्षण इथपर्यंत सगळे धडाधड भरतात. मग एक प्रश्न येतो: 'तुम्ही इतरांसोबत काम करून एखादी अडचण सोडवली असा प्रसंग सांगा.' तिथे आमचा गाव अडतो. ज्याने आयुष्यभर एका शेडमध्ये वीस जणांच्या खांद्याला खांदा लावून शिफ्ट काढली, तोही डोकं खाजवत बसतो आणि शेवटी लिहितो, 'मी टीमवर्कमध्ये खूप चांगला आहे.' असा अर्ज कुणी दाखवला की काका मोबाइल त्याच्या हातात परत देतात आणि म्हणतात, "मी लई देखना हाय, असं बी लिही खाली."

बाजारात बायका भेंडीचं टोक मोडून बघतात, तसं काका प्रत्येक उदाहरण मोडून बघतात. क्रिकेट त्यांच्याकडे चालत नाही. "अकरा जन खेळले, तू बाउंड्रीवर उभा व्हतास. कॅच आला व्हता का? न्हाय ना? मंग बस खाली." जयंतीची मिरवणूक आणि गणपतीचं विसर्जन दोन्ही बाद, कारण "ती गर्दीच ढकलत न्हेते, तुझी गरज न्हाय." ज्यात काही अडलंच नाही ते उदाहरण बाद. ज्यात सगळं ह्यानेच केलं तेही बाद, "मंग बाकीचे काय हवा खायला आलते?" आणि शेवटी निकाल पाहिजेच. निकालाशिवाय प्रसंग सांगणं म्हणजे जेवायला बोलावून रिकामं ताट मांडणं, असं त्यांचं मत आहे.

मला त्यांची ही सगळी झडती गमतीची वाटायची. माझ्यावर वेळ आली तेव्हा गंमत संपली.

मी एका लूमच्या कारखान्यात लिखापढीला होते. मालकाने लूम भंगारात काढले आणि आम्हाला हात जोडले. मुलगी बारावीला, नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात महिना पुरेना, आणि माझं वय बेचाळीस. हायवेच्या एका गोदामात शिफ्ट इन्चार्जची जागा निघाली होती. ही गेली तर दुसरी कुठे मिळणार ह्या विचाराने माझी झोप उडाली होती. अर्ज घेऊन मी स्टुलासमोर उभी राहिले.

"बोल वैशाली," काका म्हणाले.

मी सोसायटीचं हळदीकुंकू सांगितलं. बाद. मुलीच्या शाळेतलं स्नेहसंमेलन सांगितलं. बाद. मग कंटाळून मी म्हटलं, "एकदा ईदच्या आदल्या दिवशी आमचे आणि शेजारच्या कारखान्याचे कापडाचे ताके एकाच टेम्पोत भरले गेले. सगळ्यांनी मिळून वेगळे केले. झालं."

काका स्टुलावर पुढे सरकले. "यात तुझं काय?"

"काही नाही हो. मी आपलं भांडण मिटवलं."

"कसा मिटवलास?"

"आमचा हमाल म्हणे ते चांगला माल दाबतायत, त्यांचा हमाल म्हणे तुम्ही दाबताय. दोघांचेही रोजे, डोकी तापलेली. मग मी म्हटलं, एकाने ताका निवडायचा, दुसऱ्याने बघायचा, नंतर उलटं. दोघांनाही बोलायला जागा राहिली नाही. रोजा सुटायच्या आत, मगरिबच्या अजानीआधी टेम्पो हलला."

"येडी हायस," काका म्हणाले. "सोनं घरात ठेवून पितळ इकायला काढतीस. हेच लिही."

मी लिहिलं, आणि मला बोलावणं आलं.

मुलाखत घेणारी मॅडम माझ्या मुलीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी असेल. तिने ताक्यांचा प्रसंग मन लावून ऐकला, मधेच दोन प्रश्न विचारले, छान हसलीसुद्धा. मग लॅपटॉपवर माझा पत्ता वाचला आणि तिचं हसू मावळलं.

"तुम्ही ह्या बिल्डिंगमधून आलात?"

"हो."

"मावशी, एक विचारू? ह्याच पत्त्यावरून ह्या महिन्यात तीन जण आले. सलीम, यादव आणि भोईर. तिघांनीही एकच प्रसंग सांगितला. लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर एक पेशंट, तिला खुर्चीत बसवून खाली आणायचं. आणि तिघंही म्हणतात, लीडर मैं था. आता एका खुर्चीला तीन लीडर कसे असतील? तिघांचेही अर्ज मी बाजूला ठेवलेत." तिने लॅपटॉप थोडा मिटला. "तुमचा प्रसंग चांगला आहे. पण तोही तिथल्याच कुणी शिकवलेला असेल तर मी काय समजायचं?"

खुर्चीचं उदाहरण मी बिल्डिंगमध्ये ऐकून होते. काका ते कुणालाही देत, पण त्याच्या आत मी कधी शिरले नव्हते. मी इथे राहायला आले दोन वर्षांपूर्वी, आणि ही गोष्ट त्याच्याआधीची. आता माझी नोकरी त्या खुर्चीवर बसली होती आणि ती कुणी उचलली हे मला माहीत नव्हतं.

"आमचे एक काका आहेत," मी म्हटलं. "त्यांना फोन लावू का? स्पीकरवर?"

मॅडमने मान हलवली. पहिल्याच रिंगला काकांनी उचलला. "हां वैशाली, शेवटाला निकाल सांगितलास ना? का इसरलीस?"

मी कपाळाला हात लावला. मॅडमचं तोंड वाकडं झालं, हसू दाबल्यामुळे की रागाने ते कळलं नाही. तिने फोन स्वतःकडे ओढला आणि खुर्चीला तीन लीडर कसे, ते सरळ विचारलं.

काकांचा आवाज एकदम टाइमकीपरचा झाला. "तिघं बी खरं बोलतात मॅडम. आमचा जिना अरुंद हाय, दर मजल्याला वळतो. वळनावर खुर्ची फिरवायची तर एकानंच आवाज द्यायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. दोघं बोलले का खुर्ची भिंतीला लागते. पैल्या दिवशी लागली. मंग ठरवलं, ज्याच्या मजल्याचा जिना, आवाज त्याचा. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर सलीम. तो लूमच्या आवाजात काम करनारा, त्याचा गळा मोठा. दुसऱ्यावरून पैल्यावर यादव, त्याला त्या वळनाचा अंदाज. पैल्यावरून खाली सचिन भोईर, कारन तिथली एक पायरी फुटकी हाय आन ती त्याच्या दारासमोर हाय. आपल्या मजल्यापुरता जो तो लीडर. त्यांना मीच सांगितला, बाकीच्यांचा बोलू नका, आपला बोला. तिथं माझा चुकला."

मॅडम काहीतरी लिहीत होती. तिने सवयीने पुढचा प्रश्न विचारला. "और आप, काका? यात तुमचं काय?"

फोनमध्ये स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"मी मागून चपला घेऊन यायचो," काका म्हणाले.

"कुणाच्या?"

"तिच्या. माझी मिसेस व्हती ती. डायलिसिसला न्यायला लागायची. खाली उतरल्यावर रिक्षापर्यंत ती चालत जायची, खुर्चीत बसून रस्त्यावर न्हाय गेली कधी. म्हनायची, लोकं बघतात, मी माझ्या पायानं जानार. मंग मी खाली वाकून चपला घालून द्यायचो. बाकी मी काय केला न्हाय. मना उचलता येत नव्हता, कंबर गेलेली."

मॅडमचं लिहिणं थांबलं होतं. काकांना मात्र स्वतःचे नियम मोडवेनात. "निकाल सांगायचा र्‍हायला," ते म्हणाले. "निकाल म्हंजे, ती गेली. पन पैला दिवस सोडला तर जिन्यात तिला कदी धक्का न्हाय लागला." मग घसा खाकरून म्हणाले, "माझावाला उदाहरन कमजोर हाय, मला माहीत हाय. ते धरू नका. पोरांचा धरा."

रोज ज्या माणसाच्या समोरून भाजीची पिशवी घेऊन हसत गेले, त्याचं मला इतकं वाईट वाटलं की नोकरीचं काही क्षण विसरूनच गेले. काकी वारल्याचं मला माहीत होतं. पण ती खुर्चीतली बाई काकी, हे कधी मनातच आलं नव्हतं. काका तो प्रसंग मागेल त्याला देत होते आणि काकी हायवेच्या एकेका ऑफिसात पुन्हा पुन्हा, धक्का न लागता, तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरत होत्या.

मॅडमने फोनवर हळूच "थँक्यू काका" म्हटलं. त्या तिघांना तिने परत बोलावलं. मला पुढच्या सोमवारपासून यायला सांगितलं.

संध्याकाळी पेढे घेऊन मी मीटरच्या पेटीखाली गेले. काकांनी पेढा घेतला, पुडा बघितला आणि विचारलं, "पेढे आनले कुनी?"

"ह्यांनी आणले."

"मंग यात तुझं काय?"

मी हसले आणि तिथेच पायरीवर बसले. मग न राहवून मी म्हटलं, "काका, आमच्या गोदामात अजून भरती होणार आहे. माझ्या भावजयीला अर्ज भरायचाय. तिला तुमचं ते चपलांचं सांगू का? खुर्चीपेक्षा ते चांगलं आहे."

काकांनी उरलेला पेढा कागदात नीट गुंडाळला आणि खिशात ठेवला.

"तिला म्हनावं इकडं ये, तिचा तिला शोधून देतो," ते म्हणाले. "न्हायच सापडला तर खुर्ची घे म्हनावं. पन चपला न्हाय देत मी कुनाला."