खंडेनवमीची रेंज

कुठल्याही कारखान्याची खरी कार्यक्षमता सुट्टीच्या दिवशी दिसते, कारण त्या दिवशी काम मध्ये येत नाही.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या रंगाच्या कंपनीने २००८ साली हे तत्त्व गोदामाला लावले. छताला वाय-फायचे बिनतारी डबे टांगायचे आणि ऑफिसातल्या एका कंट्रोलरने त्या सगळ्यांना हुकूम सोडायचे, असे ठरले. (डब्यांना स्वतःचे मत नसते. त्यामुळे ते आमच्या स्टाफमध्ये लगेच रुळले.) स्टोअरकीपर राजरत्नने स्कॅनरने ड्रमवरचा बारकोड टिपला की आकडा थेट ऑफिसात येणार होता. राजरत्न कित्येक वर्षे टेम्पररी. मॅनेजर महिपतराव त्याला म्हणाले, "सिस्टीम फुल चालू दे, तुझी परमनंटची ऑर्डर काढतो."

डबे कुठे टांगायचे ते ठरवायला उल्हासनगरहून इंजिनिअर जितेश आला, तो नेमका खंडेनवमीला. पूजेसाठी सगळे ड्रम बाहेर काढून गोदाम धुतले होते. जितेश लॅपटॉप घेऊन ऐसपैस फिरला. नऊ डबे लागतील असा अंदाज होता. चारांत भागेल असे निघाले.

"सर, माल भरल्यावर परत चेक करावं लागेल," तो म्हणाला. "ड्रममधून रेंज पास होत नाही."

"माल भरल्यावर फिरणार कुठून? जागा राहते का?" महिपतरावांनी विचारले. तंत्रज्ञानाने लॅपटॉप मिटला.

दसऱ्यानंतर ड्रम आत आले आणि रेंज गेली. चौकशी समिती बसली. डबे निर्दोष, कंट्रोलर निर्दोष, आणि सर्व्हे तर पूजेच्या दिवशीचा, त्याच्यावर शंका घ्यायची कुणी? दोषी एकटा माल सापडला. त्याला एकमताने बाहेर काढण्यात आले.

आता ड्रम आवारात ताडपत्रीखाली असतात आणि रिकाम्या गोदामात रेंज शंभर टक्के. कुणी बडे लोक आले की त्यांना आधी तिथे नेतात, चपला बाहेर काढून. आवारात रेंज पोचत नाही, म्हणून राजरत्न ड्रमवर खडूने खुणा करून माल मोजतो.

परवा त्याने धीर केला. "साहेब, सिस्टीम तर फुल चालतेय. माझ्या ऑर्डरचं काय?"

"अरे, रिकाम्या गोदामाला स्टोअरकीपर दाखवू कसा मी?"

महिपतरावांना खरोखर वाईट वाटले. मलाही वाटले. (समितीच्या सभासदांना तेवढी मुभा आहे.)

हसू येत असेल तर जरा आपल्या हॉलमध्ये डोकावून या. पाहुण्यांसाठीचा सोफा प्लास्टिकच्या कव्हरात नवाकोरा आहे ना? आणि वडील कुठे बसलेत?