प्रथम तडा पाहावा

भाडेकरू बाईंचं पहिलं पत्र येऊन तीन महिने होत आले होते, आणि निवृत्त ग्रंथपालांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधं होतं : 'झोपायच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला आहे. कृपया येऊन पाहावे.' ते त्यांनी जाड शब्दकोशात दडवलं. दुसरं आलं, तेही तिथेच गेलं. तिसऱ्यानंतर त्यांनी शब्दकोश उघडणंच सोडलं.

निवृत्तीची सगळी पुंजी त्या दोन खोल्यांत घातलेली. भिंत पडली तर खोल्या गेल्या, बाई सोडून गेल्या तर भाडं गेलं. उत्तर दिलं तर काय जाईल, ते मेव्हण्याने सांगून ठेवलं होतं. मेव्हण्याची स्वतःची चार घरं भाड्याने होती. करारही त्यानेच परस्पर उरकला होता.

"भाऊजी, तुम्ही पडलात भिडस्त. भाडेकरूशी बोललात की संपलात. आज तडा, उद्या नळ, परवा म्हणतील छतच बदला. एकदम गप्प राहायचं."

"पण भिंत पडली तर?"

"भिंती अशा पडत नसतात हो!"

माणसांपेक्षा पुस्तकांवर भरवसा असलेल्या ग्रंथपालांनी मग घरं भाड्याने देणाऱ्यांसाठीचं शंकासमाधानाचं पुस्तक आणलं. शंका अठरावी : भाडेकरूने तडा गेल्याचे कळवल्यास काय करावे? उत्तर : प्रथम तडा पाहावा. वाढत असल्यास धोका समजावा.

मेव्हणा म्हणत होता बोलू नका, पुस्तक म्हणत होतं पाहा. दोघांचंही मन राखायचा एकच मार्ग त्यांना सुचला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते बाईंच्या घरासमोरच्या फुटपाथवर दुर्बीण घेऊन उभे राहिले.

खिडकीतून कपाटाची पाठ दिसली. तिसऱ्या दिवशी एक उशी दिसली. चौथ्या दिवशी खांद्यावर हात पडला. इमारतीचा पहारेकरी होता.

"आजोबा, चार दिवस बघतोय मी. बायकांच्या खिडकीत दुर्बीण? या वयात?"

पोलीस, वर्तमानपत्र, बायकोचा चेहरा, सगळं एकदम ग्रंथपालांच्या डोळ्यांपुढे आलं.

"त... तडा," ते म्हणाले. "भिंतीचा तडा बघत होतो."

"अहो, मग मिस्त्री आहात हे आधी सांगायचं ना! बाई कधीच्या वाट बघतायत. चला वर."

नाही म्हणायला धीर लागतो. ग्रंथपाल वर गेले.

बाई शिवणकाम करत. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. टाचणी काढून त्यांनी हळूच विचारलं, "मालकांनी पाठवलं? चिडले असतील ना फार?"

"नाही नाही. ते फारसे... चिडत नाहीत."

"तुम्हाला काय माहीत! कधी तोंड दाखवलं नाही त्या माणसानं. तीन पत्रं लिहिली, हूं की चूं नाही. अशी गप्प माणसं लई वाईट हो मिस्त्री. एक दिवस येतील आणि सामान रस्त्यावर टाकतील. माझी सगळी गिऱ्हाइकं या गल्लीतली. मी जाऊ कुठे?"

ऐकता ऐकता ग्रंथपालांनाही त्या मालकाची धडकी भरली.

तडा पलंगाच्या वर होता. बाईंनी दर सोमवारी त्याच्या टोकाशी शिंप्याच्या खडूने रेघ मारून तारीख घातली होती. बारा रेघा होत्या. शेवटची रेघ पहिलीपासून हातभर पुढे गेली होती. वाढत असल्यास धोका समजावा, ग्रंथपालांना आठवलं.

"वाजवून बघा ना," पहारेकरी म्हणाला. "मिस्त्री लोक वाजवतात."

ग्रंथपालांनी बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं, अगदी परक्या घराचं दार वाजवावं तसं. पाटाएवढा गिलावा सुटून धप्पकन उशीवर पडला.

तिघंही त्या उशीकडे बघत राहिले.

"झोपेत असते तर..." बाई खाली बसल्या. मग एकदम घाबऱ्या घाबऱ्या उठल्या. "आणि आता ते म्हणतील मीच पाडलं! मिस्त्री, तुमच्या हातून पडलं असं लिहून द्या मला."

ग्रंथपालांनी थरथरत्या हाताने लिहून दिलं : 'सदर गिलावा माझ्या हातून पडला. भाडेकरूंचा दोष नाही.' खाली सही केली, 'मिस्त्री'. घरी येऊन ते चादर डोक्यावरून घेऊन पडून राहिले.

दोन दिवसांनी टपाल आलं. पाकीट बायकोने फोडलं.

"अहो, हे तर तुमचंच अक्षर! आणि मिस्त्री कधी झालात तुम्ही?"

सोबत बाईंचं पत्र होतं. बायकोने ते मोठ्याने वाचलं : 'मी महिनाअखेर खोली सोडते. नवी जागा मिळालेली नाही, पण आता इथे झोप लागत नाही. एक विनंती. मिस्त्रीबाबांना कामावरून काढू नये. फार म्हातारे आहेत, हात कापत होते. गिलावा पडल्यावर माझ्याहून तेच जास्त घाबरले.'

बायकोने पत्र घडी करून त्यांच्यासमोर ठेवलं, वर पेन ठेवलं. "लिहा."

"तुझा भाऊ म्हणाला..."

"माझा भाऊ त्या पलंगावर झोपत नाही. लिहा!"

चार कागद फाडल्यावर पाचव्यावर जमलं :

'मिस्त्रीबाबांना काढता येत नाही, कारण तो मीच. मला भिंतीतलं काही कळत नाही. मी चिडलो नव्हतो, घाबरलो होतो. पलंग आजच्या आज खिडकीपासच्या भिंतीशी घ्या. रविवारी खरा गवंडी घेऊन येतो, खर्च माझा. कृपया खोली सोडू नये.'

खाली त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. टपालपेटीपाशी जाऊन पाकीट फटीत अर्धं सरकवलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. लफंगा म्हणाल्या तर? हसल्या तर? मेव्हण्याला कळलं तर?

मागे रांगेत एक आजीबाई उभ्या होत्या.

"अहो, सोडा की ते! माझंही टाकायचंय."

"माफ करा," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी बोटं उघडली.