खालच्या आळीची मुळाक्षरं

आकाराम हवालदार नातीला मुळाक्षरं शिकवायला बसले आणि पहिल्याच दिवशी पाटी फुटली. "क काढ!" असं त्यांनी परेडच्या आवाजात फर्मावलं, तशी पाच वर्षांच्या शालूच्या हातून ती निसटली. शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा उठून उभी राहिली.

पलटणीतून पेन्शनीत आल्यापासून आकाराम शिराळ्याजवळच्या आपल्या गावी राहत होते. मुलगा त्यांच्याच पलटणीत, सीमेवर. चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा सरत आला होता. जूनमध्ये शालूचं नाव शाळेत घालायचं होतं, आणि हवालदाराची नात शाळेत कोरी जाता कामा नये, असा त्यांचा हट्ट होता.

पाटीचे तुकडे गोळा करत सून अंजना म्हणाली, "मामंजी, दरडावून अक्षरं येत न्हाईत. खेळता खेळता शिकवा तिला."

"खेळ? पलटणीत आमाला कुणी खेळवलं न्हाई."

"पलटणीत तुमी पाच वर्सांचं न्हवता."

मग अंजनानंच खेळ सांगितला. आज्जानं अक्षर काढून दाखवायचं, शालूनं त्या अक्षराची वस्तू शोधायची, आणि वस्तू सापडली की गुळाचा खडा मिळवायचा. खेळात शिस्त असावी म्हणून आकारामांनी आपलं एक कलम घातलं. कडबा संपल्यामुळं मागची खोली रिकामी पडली होती. वस्तू तिथं ओळीनं मांडायच्या, प्रत्येकीपुढं खडूनं अक्षर काढायचं, आणि शेवटचं अक्षर झाल्यावर ते स्वतः तपासणीला येणार. तोवर खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही.

क ला कप गेला, ख ला खुरपं, ग ला गाडगं. घ ला मात्र अडचण आली. शालूनं घागर धरली तशी अंजना ओरडली, "ठेव ती! प्यायचं पाणी हाय त्यात!" शालू उंबऱ्यावर बसून बराच वेळ विचार करत राहिली. वस्तू घरातलीच पाहिजे, असं आज्जा म्हणाला नव्हता. ती उठली आणि आळीत गेली.

संध्याकाळी आकारामांनी विचारलं, "घ?"

"घुंगरमाळंचा!"

"शाबास!" आकारामांनी गूळ दिला. घरात बैलच नाही, तर घुंगरमाळ कुठली, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. "ङ, ञ आणि ळ ला सुट्टी. ती तिघं कायमची रजेवर असत्यात."

त्याच सुमारास खालच्या आळीत चमत्कारिक चोऱ्या होऊ लागल्या. नानासोंच्या बैलाची घुंगरमाळ गेली. मग कुणाची छत्री, कुणाचा झारा, आणि स्वतः नानासोंची एक चप्पल. एकच. जोडीतली दुसरी जागच्या जागी होती.

नानासो म्हणजे आळीतलं मोठं प्रस्थ. त्यांच्या कट्ट्यावर बैठक बसली.

"ह्यो चोर हाय का खुळा?" नानासो म्हणाले. "चांदीची वाटी सोडून झारा नेतोय!"

आळीतल्या म्हाताऱ्या धोंडुबाईंनी डोकं चालवलं. "मला वाटतंय, कुणीतरी नवा संसार मांडतंय."

"एका चपलंवर?"

"लंगड्याचा आसंल संसार."

गावात लंगडं कोणी नव्हतं, म्हणून हा मुद्दा मागं पडला. चोर दिवसाढवळ्या येतो, इतकं मात्र सगळ्यांच्या ध्यानात आलं. आकारामांनी छाती पुढं काढली. "आळीचं त्वांड मी धरतो. बघूच कोण आत शिरतंय!" दुसऱ्या दिवसापासून ते काठी घेऊन आळीच्या तोंडाशी बसले. त्यांना ओलांडून एक अनोळखी कुत्रंही आत गेलं नाही.

आणि त्यांच्या पहाऱ्यातच नानासोंचे दात गेले.

नानासोंनी मिरजेहून कवळी बसवून आणली होती. दुपारी जेवण झालं की ती वाटीतल्या पाण्यात घालून ते आडवे व्हायचे. उठून बघतात तर वाटीत नुसतं पाणी.

"दात कोन चोलंल?" ते बोळक्या तोंडानं विचारू लागले.

"ज्याला न्हाईत त्यो," धोंडुबाई म्हणाल्या. तेव्हापासून आळीतली सगळी म्हातारी माणसं एकमेकांच्या तोंडात डोकावू लागली, आणि ज्यांचे दात पडले होते ती बिचारी तोंड मिटून बसू लागली.

संध्याकाळी आकारामांनी दमून भागून विचारलं, "द?"

"दाताचा!"

"शाबास!" त्यांचं अर्धं लक्ष आळीच्या तोंडाकडं होतं.

मग धोंडुबाईंची नथ गेली. अंघोळीला बसताना त्यांनी ती दगडावर काढून ठेवली होती. आईनं दिलेली नथ. धोंडुबाई दगडावरच बसून रडल्या. आता कुणाला हसू आलं नाही. बाहेरचं कुणी आत येत नाही, तर चोर आतलाच, असं नानासोंनी बोळक्या तोंडानं जाहीर केलं आणि आळीचा रंगच पालटला. ज्या दारांना दिवसा कधी कडी लागली नव्हती, त्यांना कुलपं लागली. विस्तव मागायला कुणी कुणाकडं जाईना. आकारामांचं जेवणावरचं मन उडालं. आपण राखण करतो आणि आपल्याच माणसांतून चोर निघतो, याची त्यांना लाज वाटू लागली.

शालूचा खेळ मात्र नेटानं चालला होता. क्ष ला तिनं विचारलं तेव्हा आकाराम म्हणाले, "क्षत्रियाचा. म्हंजे लढणाऱ्याचा. म्हंजे माझाच समज."

शेवटचं अक्षर राहिलं. "आज्जा, ज्ञ चं काय असतंय?"

"ज्ञानाचा ज्ञ," आकाराम काठी टेकत म्हणाले.

"ज्ञान कुठं असतंय?"

"आसतंय कुठंतरी जवळच. शोधाय पायजे. जा, मला पहाऱ्यावर बसू दे."

शालू विचार करत करत आळीत गेली.

थोड्या वेळानं आळीतल्या अंबूबाईची किंकाळी ऐकू आली. ती विहिरीवरून कळशी घेऊन परतली होती. झोळीत निजवलेला तिचा सहा महिन्यांचा ज्ञानू झोळीत नव्हता. कळशी तिथंच उलटली. कुणी उकिरड्यामागं बघितलं, कुणी उसात शिरलं, दोघं विहिरीकडं पळाले. अंबूबाई दारोदार हाका मारत फिरत होती. "माझं लेकरू बघितलं का वं कुणी?" ज्या दारांना कुलपं होती ती सगळी तिच्यासाठी उघडली.

आकाराम काठी घेऊन आळीच्या तोंडाकडून धावत आले. चाळीस माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत होती. इतक्यात कुणीतरी त्यांचं धोतर ओढलं.

"आज्जा, झालं समदं. तपासणीला चल."

"आता न्हाई, शालू! ज्ञानू हरावलाय!"

"हरावला न्हाई," शालू समजुतीनं म्हणाली. "ज्ञ हाय त्यो."

पहिल्यांदा अंजनाला कळलं. ती पदर खोचून घराकडं धावली. तिच्यामागं अंबूबाई, तिच्यामागं आळी, आणि सगळ्यांच्या मागं आकाराम.

कडब्याच्या खोलीत तपासणीची तयारी चोख होती. कप, खुरपं, गाडगं, घुंगरमाळ, एक चप्पल, छत्री… प्रत्येक वस्तूपुढं खडूचं अक्षर. क्ष पुढं आकारामांचा वर्दीतला फोटो टेकवला होता. सगळ्या आळीची राखण करताना आपल्याच भिंतीवरून आपण गेलो, हे त्यांना कळलं नव्हतं. शेवटी ज्ञ पुढं एक वेताची बुट्टी, आणि बुट्टीत ज्ञानू. त्याला अजून एकही दात नव्हता. दोन्ही मुठींत नानासोंची कवळी धरून तो ती हिरड्यांनी मन लावून चघळत होता.

अंबूबाईनं त्याला उचलून छातीशी धरलं. कवळी खाली पडली. अंजनाचा हात शालूला मारायला उठला होता, पण नानासो खाली वाकून ओळ न्याहाळत होते.

"ण ला कायच का न्हाई?" त्यांनी बोळक्या तोंडानं विचारलं.

"गल्लीत कुणाकडंच ण न्हाई," शालू म्हणाली. "लय हुडाकला."

"आसं कसं?" नानासो चिडले. "एवढ्या मोठ्या आळीत एक ण न्हाई?" आणि माणसं शेजाऱ्यावरचा संशय विसरून ण शोधायला लागली. कुणी नणंद म्हणालं, त्याला नानासोंनी वेड्यात काढलं. अंजनाचा हात तसाच खाली आला.

आकाराम भिंतीला टेकून उभे होते. "चूक माझी हाय," ते हळूच म्हणाले. "वस्तू कुठली, ते इचारलंच न्हाई."

ज्याची त्यानं वस्तू उचलली. धोंडुबाई मात्र नथ हातात घेऊन तिथंच फरशीवर बसल्या. जन्मभर त्यांनी नुसता अंगठा उठवला होता. "शालू, ह्येच का माझ्या नथीचं अक्षर?" त्यांनी खडूच्या न वरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा. "एवढंच आसतंय व्हय? आणि पहिल्यापासनं सुरवात करायची तर कशी करत्यात?"

"अ आ पासनं," शालू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम दाढीला बसले. साबण लावून झाला, वस्तरा हातात घेतला, आणि बघतात तर समोरच्या खिळ्याला आरसा नाही. फेसाळलेल्या तोंडानंच ते आळीत आले.

धोंडुबाईंच्या ओसरीवर त्यांचा आरसा खांबाला टेकवून ठेवला होता. नाकात नथ घालून धोंडुबाई त्यात बघत होत्या आणि फरशीवर कोळशानं काहीतरी गिरवत होत्या.

"धोंडुबाई! ह्यो माझा आरसा!"

"ठावं हाय की," मान वर न करता धोंडुबाई म्हणाल्या. "आ झाला. आता इ चं काय आसतंय तुमच्यात?"