जुबैलमधलं जपानी स्टेशन

मेहेक रोज सकाळी शाळेच्या बसपाशी रडायची. बस आली की मोठी मुलं दारावर तुटून पडत, ही केजीतली चिमुरडी दप्तरासकट मागे ढकलली जाई, आणि मग आईच्या अबायाला असा विळखा घाली की सोडवता सोडवत नसे. "नो मम्मा, मैं नहीं जाऊंगी!" हे वाक्य सौदीतल्या जुबैलच्या त्या कंपनी वसाहतीत सगळ्यांना पाठ झालं होतं.

तिचे नाना हुसेनमियाँ रत्नागिरीकडून लेकीकडे महिनाभर आले होते. जावयाच्या घरी अंग चोरून राहावं हे त्यांना कळत होतं, पण नातीचं रडणं काही बघवेना.

"कुबरा, उद्या हिला बसवर मी सोडणार. हसत चढेल बघ."

"अब्बा, उगाच काही करून ठेवू नका हां. आकिब सेफ्टी ऑफिसर आहेत इथे. लोक त्यांनाच विचारतील."

"मी काय करणार गं? एक स्टेशन तेवढं बांधीन."

तरुणपणी हुसेनमियाँ योकोहामाच्या गोदीत वेल्डर होते. राहायला शहराबाहेर, एका लहानशा स्टेशनाजवळ. फलाटाला लागून सायकली उभ्या असत आणि समोरच्या दुकानातून नूडल्सची वाफ येई. पहिल्या दिवशी भाषा येईना, पाय उचलेना; गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि हे खांबाला चिकटून उभे. तेव्हा पांढरे हातमोजे घातलेले स्टेशनमास्तर आले, त्यांनी ह्यांचा दंड धरला आणि जमिनीवरच्या एका खुणेमागे आणून उभं केलं. गाडी आली. दार बरोबर खुणेसमोर उघडलं. आधी उतरणारे उतरले, मग रांग हलली. कुणाचा धक्का लागला नाही. या मुलखात आपला निभाव लागेल, असं त्यांना तेव्हा पहिल्यांदा वाटलं होतं.

संध्याकाळी त्यांनी वसाहतीतली मुलं दिवाणखान्यात गोळा केली.

"दारासमोरच उभं राहिलं तर काय होईल?"

"उतरनेवाला टकराएगा!" मेहेकचा मोठा भाऊ झयान ओरडला.

"मग कुठे उभं राहायचं?"

"बाजूला!"

"वा! लहान मुलगी शेवटी उभी राहिली तरी मागून येऊन कुणी तिला ओलांडायचं नाही. आणि चढताना मागे वळून बघायचं नाही. का बरं?"

मेहेकने बराच विचार केला. "मागचा अडकतो."

"शाब्बास!"

सकाळी जावई आकिब रात्रपाळी करून नुकताच झोपला होता. त्याच्या पेटीतून हुसेनमियाँनी पिवळी-काळी पट्टी, पांढरे हातमोजे आणि शिट्टी काढून घेतली. बसथांब्यावर पट्टी चिकटवली, मुलं मागे उभी केली, हातमोजे चढवले आणि मास्तरांसारखी लांबलचक शिट्टी फुंकली.

आता, जुबैलमधल्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाला धोक्याची लांब शिट्टी ऐकली की काय करायचं हे झोपेतही ठाऊक असतं. हातातलं टाकायचं, बाहेर पडायचं आणि पट्टीमागे रांगेत उभं राहून मोजणीची वाट बघायची. धडाधड दारं उघडली. कुणी अर्ध्या गालाला साबण लावून आला, कुणी पोळीचा घास हातात धरून. शेजारचे हाशिर तर लुंगीवर हेल्मेट घालून आले. सगळे मुकाट्याने मुलांच्या मागे उभे राहिले.

"बघ मेहेक, मोठ्यांनाही शिस्त आवडते!" हुसेनमियाँ भारावून गेले होते.

इतक्यात आकिब अनवाणी धावत आला. "अब्बा! गॅस कुठे लीक झालाय?"

"कसला गॅस? मी बसची वाट बघतोय."

आकिबने पट्टी पाहिली, शिट्टी पाहिली आणि डोकंच धरलं.

बस फाटकापाशी थांबली होती. हुसेनमियाँनी हातमोजे हलवून बोलावलं, तसा ड्रायव्हर गफूर तिथूनच ओरडला, "नाय नाना! ड्रिल चालू असताना गाडी हलवली तर माझी नोकरी खलास!"

आणि बसच्या मागून सुरक्षाप्रमुख उसामाची जीप आली. तो उतरला आणि रांगेकडे बघत थेट पुढे आला. "किसने किया ये?"

जावयाची नोकरी हुसेनमियाँना डोळ्यांसमोर जाताना दिसली. "साहब, मैंने..."

तेवढ्यात मुलांच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या मेहेकने बोट रोखलं. "अंकल! लाईन के पीछे!"

उसामाने खाली पाहिलं. त्याचे बूट पट्टीच्या पुढे होते. तो निमूट मागे सरला, मग खदखदून हसला आणि अरबीत शाबासकी दिली. "मुम्ताझ, आकिब! बहुत बढ़िया! मेरे ड्रिल में आधे लोग बाहर नहीं आते, और यहाँ बच्चे भी लाईन में! अगले महीने भी इसी बुड्ढे को बुलाओ. ड्रिल खलास! यल्ला, चलो, बस लाओ!"

बस आली, पण खुणेच्या जरा पुढे थांबली. एकही मूल हललं नाही. गफूरने कपाळावर हात मारला आणि गाडी मागे घेतली. दार खुणेसमोर उघडलं. एकेक करत मुलं चढली. सगळ्यांत शेवटी मेहेक, दप्तर सावरत, हसत. हुसेनमियाँनी हातमोज्याचा हात उंच धरला. तिच्या मागे चढणारं कुणीच नव्हतं. तरीही तिने वळून पाहिलं नाही. बस वळणाआड गेली तरी त्यांचा हात वरच होता.

"अब्बा, हसत चढली की!" आकिबने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मग तुम्ही का डोळे पुसताय?"

"चढली रे बाबा." त्यांनी हातमोज्याने नाक पुसलं. "पण तो मागे न बघायचा नियम आहे ना, तो जपानी नव्हता. मला बघून रडेल म्हणून मीच घुसडला होता. उद्या काढून टाकू."