ओगिनूचे डोळे

ओगिनूच्या मानेला कसर लागली होती.

हिराइवा तोकुजीने सकाळी कोठाराचं दार उघडून दिवा लावला आणि मानेवरचं ते भोक पाहिलं. ओगिनू म्हणजे कुणी बाई नव्हे. ती पंधरा हात पंखांची, सशाच्या केसाळ कातड्याने मढवलेली, सिनेमातली राक्षसी पतंग. शहराच्या रोषणाईवर भाळून ती डोंगरातून यायची आणि अर्धं तोक्यो जमीनदोस्त करायची. रणगाडे तिला भीत, विमानं तिला भीत. आणि तिची मान कुरतडली होती कुणी, तर नखाएवढ्या चिल्लर पतंगांच्या अळ्यांनी, म्हणजे तिच्याच भाऊबंदांनी! भाऊबंदकी कुणाला सुटलीय? शेजारच्या खुंट्यांवर सैनिकांचे लोकरी गणवेश टांगले होते, तिथूनच ही पीडा आली होती.

"मेलो!" तोकुजी म्हणाला.

मेलो म्हणण्यासारखंच होतं. तोकुजी त्या स्टुडिओत सव्वीस वर्षं कोठारवाला होता. राक्षस सांभाळायचे, त्यांना झटकायचं, त्यांच्या शेपट्या शिवायच्या, हे त्याचं काम. सिनेमा सुरू झाला की पडद्यावर नावं यायची. दिग्दर्शक, छायाचित्रकार, संगीतकार अशी उतरत उतरत ती तोकुजीचे विभागप्रमुख शिबाझाकी यांच्यापाशी येऊन थांबायची. त्यांच्याखाली एकच पायरी होती, आणि तिच्यावर तोकुजी सव्वीस वर्षं उभा होता.

यंदा मात्र चमत्कार झाला होता. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी पुजारी येऊन मंत्र म्हणून गेला, साके फिरली, आणि दिग्दर्शक ओनोदेरासाहेब रंगात येऊन म्हणाले होते, "तोकुजी, शेवटच्या दृश्यापर्यंत या पोरीच्या केसालाही धक्का लागू दिला नाहीस, तर पडद्यावर तुझं नाव घालतो." प्यायलेल्या माणसाचा शब्द कोण धरतो? पण दुसऱ्या दिवशी साहेबांना तो आठवलासुद्धा, आणि कारकुनाने लिहूनही घेतला.

तोकुजीची बायको मिने हिने ही बातमी गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात एकदाच सांगितली. एकदाच पुरे झालं. मासळीवाल्यापासून देवळाच्या पुजाऱ्याच्या आईपर्यंत सगळे तोकुजीला वाकून नमस्कार करू लागले. मिनेची थोरली बहीण नववर्षाला ओदावाराहून अकरा माणसं घेऊन सिनेमा बघायला येणार होती.

आणि शेवटचं दृश्य उद्या सकाळी होतं.

स्टुडिओतली वस्तू बाहेर न्यायची नाही, असा कडक नियम होता. तो पाळत बसलं तर नाव गेलंच म्हणून समजा. तोकुजीने ओगिनूचं डोकं मानेसकट सोडवलं, मोठ्या चौकोनी फडक्यात त्याचं गाठोडं बांधलं आणि संध्याकाळी पाठीवर मारून तो घरी निघाला. डोकं झाकलं गेलं, पण दोन्ही मिशा गाठीतून हातभर बाहेर राहिल्या.

"अहो तोकुजीसान!" कोपऱ्यावरची तोफूवाली ओरडली. "एवढा थोरला झिंगा? आत्ताच जंगी मेजवानी वाटतं!"

"हो, म्हणजे... पाहुणे आहेत," तोकुजी म्हणाला.

"मग आम्हालाही आठवा म्हटलं!"

तोकुजीने पाय उचलले.

मिनेने गाठोडं सोडलं, भोकात बोट घालून पाहिलं आणि कपाट उघडून स्वतःचा कोट काढला. त्याच्या गळ्याला सशाची पांढरीशुभ्र पट्टी होती.

"ही ताईने दिलेली बरं का," ती कात्री हातात घेऊन म्हणाली.

"अगं, पडद्यावर नाव येतंय!"

"नाव तुमचं येतंय. गळा माझा उघडा पडतोय."

पण तिने कात्री चालवली. आणि काय हात बाईचा! तासाभरात ठिगळ असं बसलं की स्वतः ओगिनूलाही सापडलं नसतं. तोकुजीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्याच्या मनात आलं, एखादी अळी आत राहिली असेल तर? रात्रीत पुन्हा खाल्लं तर? मिने भात लावायला गेली, तशी त्याने डोक्याच्या पोकळीत, डोळ्यांच्या अगदी मागे, कोठारातून आणलेल्या मूठभर डांबरगोळ्या कोंबल्या, डोकं खोक्यात ठेवलं आणि तो न्हाणीघराकडे गेला.

आता मिनेच्या घरात डांबरगोळीला थारा नव्हता. तिच्या सासूपासून सगळे किमोनो कापरातच ठेवायची रीत. ही एवढी केसाळ पाहुणी एक रात्र घरात राहणार, तर तिला तरी कसर का लागू द्यावी? म्हणून खोक्याचं झाकण उचलून तिनेही पोकळीत कापराच्या चार वड्या सारल्या. बाहेर गारठा होता, डोकं दमट लागत होतं, म्हणून खोकं शेगडीजवळ सरकवलं.

कापूर आणि डांबरगोळ्या एकत्र आल्या की दोघांचंही पाणी होतं, हे त्या गल्लीत कालच्या नवरीलाही ठाऊक होतं. मिनेला ठाऊक होतं, तोकुजीलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की दुसऱ्याने काय घातलंय. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या दोघांनी एकमेकांना विचारून एखादी गोष्ट केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

सकाळी तोकुजीने खोक्याचं झाकण उघडलं ते स्टुडिओतच. आधी वास आला. डांबरगोळीचा, आणि त्याच्यामागून कापराचा.

"मिने!" तो जागच्या जागी पुटपुटला. "अगं, काय केलंस हे!"

डोळ्यांच्या मागे पाणीच पाणी झालं होतं, आणि त्या पाण्याने त्यांचं प्लास्टिक खाल्लं होतं. काल जे डोळे लालबुंद, वटारलेले आणि बघताक्षणी धडकी भरवणारे होते, ते बाहेरच्या कोपऱ्यांतून खाली ओघळले होते. गालांवरच्या पांढऱ्या केसांतून दोन लांब ओघळ थेट हनुवटीपर्यंत येऊन सुकले होते.

पलीकडे मंचावर दोन महिने खपून बांधलेलं शहर उभं होतं. वीजकेंद्रात दारू भरून झाली होती. ते एकदाच उडणार होतं, दुसरं नव्हतं. ओगिनूला उडवणाऱ्या तारा ओढणारे आठ जण वर चढून बसले होते. दुसरे डोळे करायला निदान चार दिवस लागले असते, आणि दारूगोळ्याचा परवाना त्या दिवसापुरताच होता.

तोकुजी शिबाझाकींकडे धावला.

"शिबाझाकीसाहेब, डोळे गेले हो."

"गेले म्हणजे? कुठे गेले?"

"खाली गेले."

शिबाझाकींनी येऊन पाहिलं आणि त्यांचा चेहरा तोफूसारखा पांढरा पडला. "तोकुजी, हे काय करून ठेवलंस रे?"

तोकुजी सांगायला तोंड उघडणार, तोच मागून ओनोदेरासाहेबांची पावलं वाजली. साहेब आले, खोक्यापाशी थांबले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "कुणाचं काम हे?"

ते ओरडले असते तर परवडलं असतं. घरी नेलेलं गाठोडं, डांबरगोळ्या, कापूर, यातलं काय सांगावं आणि कुठून? चाळीस माणसं टक लावून बघत होती. आणि अशा वेळी हाताखालच्याची चूक वरच्याने अंगावर घ्यायची, ही तर तिथली रीत. शिबाझाकींनी आजवर ती कधी पाळली नव्हती, पण चाळीस माणसांपुढे करतात काय? ते पुढे झाले आणि कमरेत काटकोनात वाकले.

"साहेब, सगळी जबाबदारी माझी. दुसऱ्या कुणाचाही यात हात नाही."

तोकुजीच्या डोळ्यांत पाणी आलं. देवमाणूस! सव्वीस वर्षं आपण याला नावं ठेवली! तो हळूच दोन पावलं मागे सरकला आणि एका खांबाआड झाला.

साहेबांनी डोक्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली. खाली बसून पाहिलं.

"रडतेय," ते म्हणाले.

मग ते उठून सगळ्यांकडे वळले.

"अरे, रडतेय ही! दोन महिने मी लेखकांच्या डोक्याशी डोकं लावतोय, की प्रेक्षकाला हिची नुसती भीती वाटू नये, कीव आली पाहिजे. बिचारी दिव्याकडे येते, तिला काय ठाऊक शहर म्हणजे काय! लेखकांना जमलं नाही ते तू करून दाखवलंस, शिबाझाकी. तू कलावंत आहेस हे मला ठाऊकच नव्हतं!"

शिबाझाकी अजून वाकलेलेच होते. ते बराच वेळ वाकलेले राहिले. मग सावकाश सरळ झाले, आणि वर आला तो चेहरा वेगळाच होता.

"थोडासा प्रयत्न केला, साहेब," ते म्हणाले.

खांबाआड तोकुजीचा 'आ' वासलेला तसाच राहिला. आता पुढे होऊन काय सांगायचं? की यात माझाच हात आहे? आत्ताच तर कुणाचाही नाही असं ठरलं होतं, आणि ते ठरताना तोच मागे सरकला होता.

त्याने घरीही काही सांगितलं नाही. सांगायचं तर आधी कुणी काय घातलं यावरून महाभारत झालं असतं.

नववर्षाला सिनेमा लागला. ओदावाराची अकरा माणसं, तोफूवाली आणि अर्धी गल्ली अशी सगळी एका रांगेत बसली. नावं सुरू झाली. "ओगिनूचे डोळे: शिबाझाकी" अशी वेगळी ओळ आली. मग शहर दिसू लागलं.

"भावोजींचं नाव कधी आलं?" थोरलीने विचारलं. "मी शिंकले तेव्हा का?"

शेवटी ओगिनू वीजकेंद्रावर झेपावली, दिवे विझले, ओघळलेल्या डोळ्यांनी तिने अंधाऱ्या शहराकडे पाहिलं आणि अख्खं थिएटर हुंदके देऊ लागलं. मिनेही ढसाढसा रडत होती, पण तिचं कारण वेगळं होतं. ते तोकुजीला चांगलं कळत होतं, आणि त्याला स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटत होतं.

सिनेमा धो धो चालला. दुसरा भाग ठरला, त्यात ओगिनू दोन, म्हणजे डोळे चार. शिबाझाकींनी मेणबत्ती लावून पाहिली, इस्त्री फिरवली, पाक ओतला. एक जोडी जळाली, दुसरीला मुंग्या लागल्या. शेवटी एका रविवारी ते लाल रताळ्याच्या मिठाईचा डबा घेऊन तोकुजीच्या दारात उभे राहिले.

"तोकुजीसान," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा मानाचा 'सान' या घराने प्रथमच ऐकला. "ते डोळे... म्हणजे तुला काही आठवतंय का?"

तोकुजी ताठ बसला. सव्वीस वर्षांत असा दिवस उगवला नव्हता.

"मला कसं आठवणार? तुम्हीच तर केलेत, साहेब. दुसऱ्या कुणाचा हातच नव्हता."

"अरे, असं काय करतोस..."

"नाही नाही. कलावंताचं काम, आम्हा कोठारवाल्यांना काय कळणार?"

हे असं संध्याकाळपर्यंत चालवायचं आणि मग आपल्या नावाचं काढायचं, असा त्याचा बेत होता. पण तेवढ्यात मिने चहा घेऊन आली.

"कसले डोळे?" तिने विचारलं, आणि शिबाझाकींनी सगळं सांगितलं. कसे ओघळले, कसा वास येत होता.

"कापराचा वास?" मिने म्हणाली. तोकुजी डोळ्यांनी खुणावत होता, खोकत होता, पण बाईने तिकडे पाहिलंच नाही. "अगं बाई, मीच घातला होता की कापूर! आणि यांनी डांबरगोळ्या कोंबल्या असणार. हो ना हो? बोला की! मेल्या गोष्टी विचारून कराव्यात!" मग ती थेट चटईला कपाळ टेकवून म्हणाली, "शिबाझाकीसाहेब, चूक माझी. माझ्यामुळे तुमच्या जिवाला घोर लागला. मीच येते आणि चारही डोळे करून देते."

सोमवारी ती स्टुडिओत गेली, कमरेला पदर... म्हणजे किमोनोच्या बाह्या दोरीने बांधून कामाला लागली. ओनोदेरासाहेब बघायला आले, तर शिबाझाकी सवयीने वाकले, "साहेब, सगळी जबाबदारी..."

"यांची कसली?" मिने म्हणाली. "हे तर तेव्हा आपल्या घरी घोरत होते. मागचेही मीच केलेत, हेही मीच करतेय. बिघडले तर मला बोला."

दुसरा सिनेमा लागला तेव्हा ओदावाराहून सतरा माणसं आली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ओळ उमटली, "ओगिनूंचे डोळे: हिराइवा मिने". गल्लीने टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मिने पुन्हापुन्हा उठून नमस्कार करत होती आणि तोकुजी तिची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. बायकोचा अभिमानही वाटत होता आणि आपलं नाव नसल्याची खंतही.

टाळ्या थांबल्यावर थोरली त्याच्याकडे झुकली.

"भावोजी, इतकी वर्षं विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही नक्की काय करता हो तिथे?"

"मी?" तोकुजी म्हणाला. "मी डांबरगोळ्या घालतो."

वर्षभरात या प्रकरणी त्याने उच्चारलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. अख्खी रांग पोट धरून हसली.